डाग किती आणि डाग कोठे



दिवसभर ज्या सूर्याने आपणांस भाजून काढले, त्याच्याविषयीच संध्याकाळी आणखी तासभर ऐकावयास आपण जमला आहात. तेव्हा फार पाल्हाळ न लावता विषयाकडे वळतो. आमचा विषय सबंध सूर्य नव्हे, सूर्यावरचे डाग; आणि त्यातूनही ते डाग सूर्याच्या अंगावर कोठे उठतात आणि तेथेच का उठतात, एवढाच.

डाग म्हणजे काय ते प्रथम सांगू. सूर्याचा पृष्ठभाग उकळत्या आधणासारखा आहे. खालून तापलेला वायू वर येतो, उष्णता सोडतो, निवतो आणि पुन्हा खाली जातो. या पृष्ठभागाचे तापमान साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असते. डागाच्या जागी ते दीडदोन हजार अंशांनी कमी भरते, आणि तेवढ्यानेच ती जागा शेजारच्या झगझगाटापुढे काळी दिसते. एखादा मोठा डाग सूर्यापासून सोडवून रात्रीच्या आकाशात नेऊन ठेवता आला, तर तो पौर्णिमेच्या चंद्रालाही फिका पाडील. अशा मोठ्या डागात आपल्या पृथ्वीसारखे कित्येक गोल सहज मावतात. डाग बहुधा काही दिवस किंवा काही आठवडे टिकतो आणि विरून जातो.

या डागांशी नगर जिल्ह्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दुष्काळातून आलेला आहे.

श्वाबे या जर्मन हौशी निरीक्षकाने वर्षानुवर्षे डाग मोजून १८४४ साली असे प्रसिद्ध केले की, डागांची संख्या काही वर्षे वाढते, काही वर्षे घटते, आणि हे रहाट चालूच राहते. पुढे त्याचा काळ सरासरी ११ वर्षांचा ठरला. मग १८७६-७७ साली दख्खनवर तो मोठा दुष्काळ कोसळला. आपला जिल्हाही त्यात होरपळला. त्याच सुमारास, १८७७ साली, विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासच्या पावसाचे आकडे डागांच्या आकड्यांशेजारी मांडून दाखविले आणि डाग कमी त्या वर्षी पाऊस कमी, असा निष्कर्ष पुढे केला. नॉर्मन लॉकियर या नामांकित सूर्यशास्त्रज्ञाने त्याला साथ दिली. दोघांनी मिळून त्यावर लेखही लिहिला. हे खरे ठरते तर दुष्काळाची वर्दी दोनचार वर्षे आधी मिळती. कोडाईकनालच्या डोंगरावर १८९९ साली सूर्याची वेधशाळा उभी राहिली, तिच्यामागच्या कारणांत ही आशा होती.

आशा फळाला आली नाही. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१५ साली हा संबंध काटेकोर गणिताने तपासला. तो इतका तुटपुंजा निघाला की त्यावर पेरणीचा बेत आखता येईना. आपल्यापुरते बोलावयाचे तर १९१८ साली पाऊस गेला, तेव्हा डागांचा कमाल काळ नुकताच, १९१७ मध्ये, होऊन गेला होता. १९७२ च्या दुष्काळात डाग ना धड कमाल होते ना किमान. डागांवरून पाऊस वर्तविणारा कोणी भेटला, तर त्याला या दोन सालांविषयी जरूर विचारावे.

डाग किती, या प्रश्नाने शेतकऱ्याच्या पदरात काही टाकले नाही. परंतु त्याच काळात काही थोडी माणसे निराळाच प्रश्न विचारीत होती. ती विचारीत होती, डाग कोठे? या प्रश्नाने मात्र सूर्याचे पोट उघडे केले. आमच्या मते सूर्यशास्त्राच्या इतिहासात यापेक्षा अधिक फळलेला प्रश्न नाही.

इंग्लंडातील रिचर्ड कॅरिंग्टन हा मद्याच्या कारखानदाराचा मुलगा. त्याने १८५३ पासून काही वर्षे रोज डागांच्या जागा मोजून नोंदल्या. त्यातून दोन गोष्टी बाहेर पडल्या. पहिली अशी की, सूर्य आपल्या पृथ्वीसारखा एकसंध फिरत नाही. त्याचा मधला पट्टा सुमारे २५ दिवसांत एक फेरा करतो. ध्रुवाकडच्या भागांना, हे पुढे कळले, ३० हून अधिक दिवस लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे डाग वाटेल तेथे उठत नाहीत. श्प्योरर या जर्मन ज्योतिर्विदाने हे अधिक खोलात जाऊन पाहिले, म्हणून तो नियम त्याच्या नावाने ओळखला जातो.

हा नियम ध्यानात राहावा म्हणून आपण सूर्यावर भारताचा नकाशा अंथरू. आपले नगर पृथ्वीवर १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. दिल्ली साडेअठ्ठावीसवर, श्रीनगर ३४ वर, मद्रास १३ वर, कन्याकुमारी ८ वर. नवे चक्र सुरू होते तेव्हा पहिले डाग दिल्ली-श्रीनगरच्या अक्षांशांवर उठतात. ते विरतात आणि पुढचे डाग थोडे दक्षिणेला उठतात; त्यांच्या पुढचे आणखी दक्षिणेला. चक्र ऐन भरात येते तेव्हा डागांची दाटी नगर-पुण्यापासून मद्रासपर्यंतच्या टापूत झालेली असते. चक्र संपत येते तेव्हा शेवटचे डाग कन्याकुमारीच्या आसपास उठतात. नेमके विषुववृत्तावर सहसा कोणी जात नाही. आणि श्रीनगरच्या फार उत्तरेस, रशियात म्हणा, ध्रुवावर म्हणा, डाग जवळजवळ कधीच दिसत नाहीत. सूर्याच्या दक्षिण गोलार्धातही आरशात पाहावे तसे हेच घडते. एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी. एकच डाग वारकऱ्यासारखा उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत येत नाही. डाग जेथे उठतो तेथेच, थोडाफार सरकून, संपतो. सरकतो तो डाग उठण्याचा पट्टा.

वॉल्टर आणि ॲनी मॉन्डर या इंग्रज दांपत्याने १९०४ साली या जागा वर्षवारीने कागदावर मांडल्या, तेव्हा पंख पसरलेल्या फुलपाखरांची ओळ उमटली. ते चित्र आजही फुलपाखरू-आलेख याच नावाने चालते. या दांपत्याची आणि आपल्या महाराष्ट्राची गाठ त्यापूर्वीच पडली होती. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून देशावर आणि पुढे वऱ्हाडात गेली. मॉन्डर पतिपत्नी वऱ्हाडातील तळणीला होती. तेथे ॲनीबाईंनी लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा लक्षावधी मैल लांब गेलेला झोत टिपला. विजयदुर्गावर खुद्द लॉकियर होते. (हेलियमचा शोध लॉकियरनी १८६८ साली विजयदुर्गावरून लावला, असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही. १८६८ साली ते इंग्लंडात होते. विजयदुर्गास आले ते ३० वर्षांनी.) आणि जेऊरला पुण्याच्या कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे मांडून बसले होते. हे जेऊर आपल्या नगर तालुक्यातील नव्हे. कर्जत-जामखेडला लागून करमाळा तालुका आहे, त्यातले, रेल्वेवरचे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून नायगमवालांनी पुण्यास वेधशाळा उभारली होती. १९१२ साली ती बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

डागांच्या जागा ठरलेल्या आहेत हे असे सिद्ध झाले. पण का ठरलेल्या आहेत? याचा पहिला सुगावा सूर्याकडे पाहून लागलेला नाही; तो पृथ्वीवरच्या होकायंत्राकडे पाहून लागला. डाग वाढतात त्या वर्षांत चुंबकसूची अधिक अस्वस्थ होते, असे १८५२ सालीच एडवर्ड सॅबाईन यांनी दाखविले होते. आणि याचा सर्वांत जबरदस्त पुरावा मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदलेला आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी कॅरिंग्टन डागांचे चित्र काढीत असता, सूर्याच्या उत्तर गोलार्धात सुमारे २० अंशांवरच्या, म्हणजे जवळजवळ नगरच्याच अक्षांशावरच्या, एका डागसमूहावर त्याला डोळे दिपविणारा उजेड दिसला. दिवस उलटण्याच्या आत कुलाब्याच्या सूचीने असा झोल खाल्ला की, पृथ्वीचे आडवे चुंबकीय बळ तेथे एरवीच्या मानाने सुमारे चार टक्क्यांनी घटले. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या लाखिना आणि ॲलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्या जुन्या वह्या पुन्हा वाचून २००३ साली हा उतार १६०० नॅनोटेस्लाच्या आसपास असल्याचे दाखविले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून हे काम अलिबागला हलले आणि तेथे १९०४ पासून अखंड चालू आहे. असो.

प्रत्यक्ष पुरावा १९०८ सालचा. अमेरिकेत माउंट विल्सनवर जॉर्ज हेल यांनी डागाच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. चुंबकाच्या प्रभावाखालच्या प्रकाशातील रेषा दुभंगतात, हे झीमन या डच शास्त्रज्ञाने १८९६ साली प्रयोगशाळेत दाखविलेले होते. डागाच्या वर्णपटातील रेषा तशाच दुभंगलेल्या निघाल्या. डाग हे प्रचंड चुंबक होते. आपण बसलो आहोत तेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गाउसहूनही कमी आहे. मोठ्या डागाच्या मध्यभागी ते दोनतीन हजार गाउस असते. एवढे क्षेत्र खालच्या उकळत्या वायूची वरखाली ये-जा अडवून धरते. आधणावर झाकण दाबून बसविल्यासारखे होते, वर उष्णता पोहोचत नाही, आणि ती जागा थंड पडते. हेलना प्रथम वाटले की, डाग म्हणजे भोवरे असतील. ते ताडून पाहण्यासाठी कोडाईकनालला जॉन एव्हरशेड यांनी जानेवारी १९०९ मध्ये वेध घेतले. त्यांना भोवरा दिसला नाही, वायू डागाच्या मध्यापासून कडेकडे सरळ वाहताना दिसला. दुष्काळासाठी काढलेल्या वेधशाळेने पहिले नाव मिळविले ते असे.

हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ साली जे नियम मांडले ते अधिक चमत्कारिक आहेत. डाग बहुधा जोडीने येतात, एक पुढे, एक मागे. पुढचा उत्तर ध्रुव असेल तर मागचा दक्षिण. सूर्याच्या उत्तर गोलार्धातील सर्व जोड्यांत पुढच्याची जात बहुतेक एकच असते. दक्षिण गोलार्धात नेमकी उलट. आणि ११ वर्षांनी नवे चक्र लागले की दोन्हीकडे अदलाबदल. म्हणजे खरे चक्र २२ वर्षांचे. शिवाय जोडीतला पुढचा डाग विषुववृत्ताच्या किंचित जवळ असतो, जोडी तिरपी बसते.

इतकी शिस्त पाहिल्यावर, खाली कोठेतरी एकच यंत्र चालू आहे हे कबूल करावेच लागते. ते यंत्र कसे चालत असावे याचा आराखडा होरेस बॅबकॉक यांनी १९६१ साली दिला. त्याला युजीन पार्कर यांच्या १९५५ सालच्या कल्पनांचा आधार होता. तो सूतकताईच्या भाषेत सांगता येईल. सूर्याच्या एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत चुंबकीय रेषांचे उभे धागे लावलेले आहेत, असे समजा. सूर्याची कंबर ध्रुवांपेक्षा वेगाने फिरते. वायू इतका विद्युद्वाहक आहे की, धागे त्याला चिकटलेले. तेव्हा कंबरेपाशी धागे पुढे ओढले जातात, ताणले जातात आणि फेऱ्यामागून फेरे होता होता सूर्याभोवती आडवे गुंडाळले जातात. उभा धागा उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेला असल्याने, आडवा झाल्यावर त्याची दिशा वरच्या अर्ध्यात एक आणि खालच्या अर्ध्यात उलटी होते. दोन गोलार्धांत डागांच्या जाती उलट का, याचे उत्तर एवढ्यातच आले.

आता चऱ्हाटाला फार पीळ दिला तर काय होते, ते घरी गाय-बैल असलेल्यांस सांगावयास नको. त्याला मध्येच अढी पडते आणि ती वर उसळते. चुंबकीय दोराचे वर येण्याचे कारण मात्र पिळाहून निराळे आहे. दोरात चुंबकीय दाब असल्यामुळे आतला वायू विरळ असतो, म्हणून दोर हलका होतो आणि पाण्यातल्या बुडबुड्यासारखा वर तरंगतो. त्याची कमान पृष्ठभाग फोडून बाहेर पडते. कमानीचे दोन पाय जेथे रोवलेले, तेथे दोन डाग. एका पायातून रेषा बाहेर, दुसऱ्यातून आत. वर येताना सूर्याच्या फिरण्याने कमान थोडी वळते, म्हणून जोडी तिरपी.

या तिरपेपणाला आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो. जोडी विरते तेव्हा पुढच्या डागाचा अंश विषुववृत्ताकडे राहतो आणि पलीकडच्या गोलार्धातील उलट्या अंशाशी भिडून नाहीसा होतो. मागच्याचा अंश हळूहळू ध्रुवाकडे वाहत जातो. तेथे तो जुन्या ध्रुवीय क्षेत्राला खोडून काढतो आणि उलटे क्षेत्र बसवितो. सूर्याचे ध्रुव प्रत्येक चक्राच्या भरात असे उलटतात. १९५७-५८ साली ही उलथापालथ बॅबकॉक पितापुत्रांच्या यंत्रांनी प्रथम पकडली. नवे उभे धागे तयार, पुन्हा गुंडाळणे सुरू.

येथवर ऐकून कोणाला वाटेल, सगळे सुटले. सुटले नव्हते. सूर्याच्या पोटातून ध्वनिलहरी जात असतात, आणि माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो तसे त्या लहरींवरून सूर्याचे अंतरंग तपासता येते. जगभरातील सहा दुर्बिणींची एक साखळी १९९५ पासून हे काम करते. तिच्यातली एक आपल्या उदयपूरला आहे. या तपासणीत असे कळले की, पृष्ठभागाखाली सुमारे दोन लाख किलोमीटरवर एक पातळ थर आहे आणि तेथे वेगातला फरक फार तीव्र आहे. धागे गुंडाळले जावयाचे तर तेथे. पण हा फरक सर्वांत तीव्र आहे तो ध्रुवांकडे! मग डाग रशियात उठावयास हवेत, ते नगरला का उठतात? संगणकावरची गणिते खरोखरच साठ अंशांच्या आसपास डाग काढून दाखवीत आणि शास्त्रज्ञ खजील होत.

याचे एक उत्तर बंगळूरहून आले. अर्णब राय चौधुरी आणि दिब्येंदु नंदी यांनी २००२ साली असे सुचविले की, सूर्याच्या पृष्ठभागावर विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे सेकंदाला दहावीस मीटर वेगाने जो मंद प्रवाह वाहतो, तो ध्रुवापाशी खाली वळून, समजत होतो त्याहून अधिक खोल जाऊन परतत असावा. ध्रुवाकडे गुंडाळलेले दोर तो आपल्याबरोबर त्या खोलच्या शांत थरात दडपून नेतो. तेथून ते वर तरंगू शकत नाहीत. विषुववृत्ताकडे येता येता प्रवाह त्यांना वर आणून सोडतो आणि तेव्हा कोठे डाग उठतात. डाग खालच्या अक्षांशांवरच का, आणि पट्टा दक्षिणेकडे का सरकतो, या दोन्ही प्रश्नांना एकाच प्रवाहाने उत्तर मिळते.

पुढे हिशेबाची परीक्षा झाली. २४ व्या चक्राविषयी मौसुमी दिक्पती आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी २००६ साली भाकीत केले की, ते आधीच्यापेक्षा ३० ते ५० टक्के जोरदार होईल. दिक्पती या चौधुरींच्याच विद्यार्थिनी. चौधुरी, पियाली चटर्जी आणि जी जियांग यांनी २००७ साली, ध्रुवीय क्षेत्र क्षीण आहे हे पाहून, ३५ टक्के दुबळे होईल असे सांगितले. गुरूचे खरे ठरले. २३ व्या चक्राचा कमाल आकडा १८० होता. २४ व्याचा, एप्रिल २०१४ मध्ये, ११६ वर थांबला.

म्हणून चौधुरींचा खोल प्रवाह खरा ठरला काय? आम्ही असे म्हणणार नाही. ध्रुवीय क्षेत्रावरून पुढचे चक्र सांगता येते, एवढे मात्र पक्के झाले. प्रवाह किती खोल जातो याविषयीची मोजमापे आपसात जुळत नाहीत. उलट मे २०२४ मध्ये काही पाश्चात्य गणितज्ञांनी असे मांडले की, या यंत्राचे मूळ दोन लाख किलोमीटर खोल नसून पृष्ठभागाच्या अगदी लगतच्या थरात असावे. वाद चालू आहे. आमचा कल अजून खोलाकडेच आहे, कारण डागांच्या जोड्यांत जी कडक शिस्त दिसते ती वरच्या खळबळीत टिकून राहणे आम्हांस अवघड वाटते. पण हा कल आहे, पुरावा नव्हे.

योगायोग असा की, त्याच मे २०२४ मध्ये सूर्याच्या दक्षिण गोलार्धात, २० अंशांच्या अलीकडे, पृथ्वीच्या पंधरापट रुंद असा डागसमूह उठला. १० व ११ मे रोजी त्यातून निघालेल्या वादळांनी लडाखात हानले येथील आकाश लाल झाले. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारात ठेवला होता. आज आपले उपग्रह, विजेच्या वाहिन्या, विमानांचे संदेश यांचा भार त्याहून कितीतरी अधिक आहे. डाग कोठे उठतो हे म्हणून महत्त्वाचे. बिंबाच्या मध्याजवळ असलेल्या डागाचा नेम आपल्यावर असतो. भारताचे आदित्य हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या ठिकाणी पोहोचले. त्यावरची अतिनील प्रकाशाची दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने घडविली.

ज्यांना हे स्वतः पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगून थांबतो. सूर्याकडे दुर्बिणीतून, नुसत्या डोळ्यांनी किंवा काळ्या काचेतून कधीही पाहू नये. दृष्टी जाते आणि ती परत येत नाही. साधी दोन नळ्यांची दुर्बीण तिपाईवर बांधावी, एका नळीचे तोंड झाकावे, आणि दुसरीतून येणारा प्रकाश हातभर अंतरावर पांढऱ्या पुठ्ठ्यावर घ्यावा. बशीएवढे बिंब उमटेल. मुलांना नळीला डोळा लावू देऊ नये. रोज त्याच वेळी पुठ्ठ्यावर डागांच्या खुणा कराव्यात. एकेक डाग १३-१४ दिवसांत बिंब ओलांडतो. त्याच्या खुणा जोडल्या की सूर्य कोणत्या दिशेने फिरतो ते कळेल, आणि दोन पट्टेही कळतील. सध्याच्या २५ व्या चक्राचा कमाल काळ ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास होऊन गेला. म्हणजे आता पट्टे मद्रासकडून कन्याकुमारीकडे सरकत जातील, डाग विरळ होतील, आणि मग एके दिवशी दिल्लीच्या उंचीवर एक लहानसा डाग दिसेल. तो २६ व्या चक्राचा. त्याच्या जोडीतल्या पुढच्या डागाची जात आजच्याच्या उलट असेल.